सात पहाटांवरील अभिप्राय

आमचा खेळ विक्रीस आला तेव्हा त्याविषयीचे लोकांचे अभिप्राय वाचण्याचे व त्यांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी मागूनच घेतले होते. चंद्रपूरच्या न्यायालयात एकतीस वर्षे मी भाषांतरकार होतो. साक्षीदार जे बोलेल ते, पदरचा एक शब्द न घालता आणि त्याचा एक शब्द न गाळता, दुसऱ्या भाषेत उतरवणे हा माझा व्यवसाय. निवृत्तीनंतर अनस आणि रूही या भावंडांनी मला गाठले. जटपुरा गेटाजवळ त्यांच्या वडिलांचे, मुश्ताकभाईंचे, मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्या माडीवर या दोघांनी संगणकावरचे खेळ बनवण्याचा उद्योग मांडला होता आणि त्यांना शुद्ध मराठी लिहिणारा माणूस हवा होता. खेळाची यंत्रणा अनसने बांधायची, चित्रे रूहीने काढायची, मजकूर मी लिहायचा. अशा रीतीने दोन वर्षांत आमचा एकच खेळ तयार झाला. त्याचे नाव ‘सात पहाटा’.

खेळातला नायक फायर वॉचर आहे. उन्हाळ्यात जंगलात वणवा पेटू नये म्हणून वनखाते गावातलीच काही माणसे रोजंदारीवर घेते, त्यांपैकी एक. मार्च महिन्यातल्या एका पहाटे त्याची बायको मोहफुले वेचायला जाते आणि वाघ तिला मारतो. त्यानंतर नायकाला काळात मागे, आदल्या दुपारपर्यंत, जाण्याची शक्ती मिळते. पण सातच वेळा. प्रत्येक वेळी तो काही निराळे करतो. वणव्यातून धावत वाट काढतो, अस्वलाला हुलकावणी देतो, मचाणावर जागतो, वाघाला डफड्याच्या आवाजाने दुसऱ्या नाल्याकडे हाकतो. सातही पहाटांना ती मरतेच. सातव्या पहाटे तो झाडाखाली बसून राहतो आणि खेळ संपतो. हा शेवट माझ्या आग्रहाचा होता. ज्या कथेत मरण परतवता येते, त्या कथेत मरणाला काही किंमत उरत नाही, असे माझे मत होते आणि ते मी दोन्ही मुलांच्या गळी उतरवले होते.

घटना मात्र कल्पित नव्हती. अनसचा पॉलिटेक्निकमधला वर्गमित्र धनराज मोहर्ली गेटवर सफारीचा गाइड आहे. वाघाने मारलेली रुखमाबाई ही त्याची आई. तिला जाऊन वर्ष होत आले असताना धनराजच आम्हाला आपल्या वडिलांकडे, लटारूभाऊंकडे, घेऊन गेला होता. त्या वर्षभरात त्या माणसाने धड जेवण केले नव्हते. जंगलाच्या दिशेने पाठ करून तो ओसरीवर बसून असे. आम्ही काय करू इच्छितो हे अनसने त्याला समजावून सांगितले. त्याने सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

“खेळात तिले वाचवता येते काय?”

अनसने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “नाही. कोणी कितीही प्रयत्न केला तरी नाही.”

“मंग बनवा,” लटारूभाऊ म्हणाले.

मी त्यांची साक्ष घेतली. दुसरा शब्द मला सुचत नाही. किती वाजता उठलात, दार कोणते, झाड किती पावलांवर, तुमच्या खिशात काय होते, रुखमाबाईंच्या हातात काय होते. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. खिशात बिड्या आणि काडेपेटी. तिच्या हातात टोपली आणि खराटा. वेळ पहाटे साडेचारची, आणि ती एकटी. मी सारे टिपले आणि सारे खेळात घातले. रूहीला तो खराटा तीनदा काढायला लावला, कारण विदर्भातल्या अंगणात असतो तसा तो दिसत नव्हता. तपशिलाच्या बाबतीत मी कोणाची गय केली नाही.

डिसेंबरात खेळ पुरा झाला तेव्हा धनराजने आपला लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला आणि सातही पहाटा खेळून दाखवल्या. दोन तास लागले. लटारूभाऊ हलले नाहीत. शेवटी ते म्हणाले, “सात डाव जाऊनबी नाई.” मग त्यांनी जेवायला मागितले. त्या आठवड्यात ते ओसरीवर जंगलाकडे तोंड करून बसू लागले, जानेवारीत त्यांनी पुन्हा फायर वॉचरसाठी नाव दिले. घरी जो येईल त्याला ते खेळ दाखवत. वनरक्षकाला दाखवला, पोस्टमनला दाखवला, वडश्याहून आलेल्या साडूला दाखवला. आणि प्रत्येकाला सांगत, “पाहा, सात डाव मांगं गेलं तरी नाई. कोनीच काई करू शकत नोहतं.” धनराजने हे मला फोनवर सांगितले तेव्हा मला जो आनंद झाला त्यात माझ्या शेवटाविषयीचा अभिमान किती होता, हे आज सांगणे कठीण आहे.

अभिप्राय मात्र निराळेच बोलत होते. विक्रीच्या पानावर खेळाखाली ‘संमिश्र’ असा शेरा दिसू लागला आणि तो हटेना. इंग्रजीतून आलेले अभिप्राय मी भाषांतर करून ठेवत असे. मराठी व हिंदी जसेच्या तसे. एकाने लिहिले होते की वणव्यातून धावण्याचा भाग अप्रतिम आहे, पण वाघाला मारायला हत्यारच दिलेले नाही, मग याला साहसाचा खेळ का म्हणावे. दुसऱ्याने लिहिले होते, “अकरा तास घालवले. बाई मरतेच. काळात मागे जायची सोय देता आणि काही बदलू देत नाही, तर ती सोय कशाला?” एका पुणेकराने चित्रांची तोंड भरून स्तुती करून पुढे म्हटले होते, “संवाद मात्र समन्स बजावल्यासारखे आहेत.” आणि बऱ्याच जणांनी निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली होती: नायकाच्या खिशात पहिल्यापासून काडेपेटी आहे, ती वापरताच येत नाही, मग ती ठेवली कशासाठी?

मी प्रत्येकाला उत्तर देत असे. काडेपेटीच्या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले होते: माणसाच्या खिशातील प्रत्येक वस्तू उपयोगासाठीच असते असे नाही, ती होती म्हणून आहे.

“काका, लोकायशी भांडू नका,” अनस म्हणे. “गिऱ्हाईक हाय ते.”

“मी भांडत नाही. खंडन करतो.”

“एकानं विचारलंय, खेळाविषयी तक्रार करायची तर वकील लावावा लागेल काय,” रूही पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “तुमचं उत्तर वाचून.”

फेब्रुवारीच्या शेवटी एक अभिप्राय आला. लिहिणाऱ्याने आपले नाव पत्रू एवढेच दिले होते. तो मी येथे जसाच्या तसा देतो.

“मी कुरखेड्याकडचा हावो. खेळ चांगला हाय. जंगल आपल्याच जंगलावानी दिसते. पन बनवनाऱ्याईले एक गोष्ट माहीत नाई दिसत. मोहाच्या झाडाखाली पाला पडून रायते, त्याच्यात फूल दिसत नाई. म्हनून आदल्या सांजेले लोकं झाडाखालचा पाला जाळतेत. जमीन साफ होते. मंग बाया दिवस निघाल्यावर सगळ्या मिळून जातेत आन वेचतेत. ज्यानं जाळला नाई त्याले झाडावं लागते, आन सांजेले झाडलं त रात्री वारा परत पाला आनते, म्हनून फूल पडाच्या आंधी, पहाटी झाडावं लागते. ही बाई साडेचार वाजता एकटी खराटा घेऊन गेली म्हंजे हिच्या झाडाखालचा पाला जाळला नोहता. अंधारात वाकून झाडत होती. वाकलेलं मानूस वाघाले जनावर दिसते. आन नवऱ्याच्या खिशात काडेपेटी हाय. तो सांजेले घरीच हाय. मले त्या सांजेले जाता येते. एक काडी लावू द्या ना मले. बाई सकाळी सगळ्याईसंगं जाईन आन टोपली भरून येईन. सात डाव कायले पाह्यजे?”

तीनशेहून अधिक लोकांनी त्याखाली सहमती नोंदवली होती. मी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग कपाटातून साक्षीची वही काढली. खराटा होता, काडेपेटी होती, वेळ होती, ‘एकटी’ हा शब्द होता. सगळे माझ्याच हस्ताक्षरात. मी चारही गोष्टी एका पानावर लिहिल्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे विचारले नव्हते. जंगलापासून तीस किलोमीटरवर मी सारा जन्म काढला आहे. मोह कसा वेचतात हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते.

अनसला मात्र उत्साह आला होता. “त्याचं बरोबर हाय ना, काका. एक काडी लावू दिली की आठवी पहाट. ज्याले सापडेल त्याले सापडेल. लोकं खूश, शेरा सुधारतो.”

“आणि लटारूभाऊ?”

रूहीने हातातले काम थांबवले. तिघांच्याही मनात एकच गोष्ट आली होती. त्या माणसाने खेळाकडून एक निकाल घेतला होता. त्या निकालावर तो जेवत होता, झोपत होता, कामावर जात होता. तो निकाल चुकीच्या पुराव्यावर दिलेला होता, आणि तो मी दिला होता.

पुढच्याच मंगळवारी धनराज आला. मंगळवारी सफारी बंद असते. त्याने आदल्या दिवशीचा गाइडचा हिरवा शर्टही बदलला नव्हता. खुर्ची पुढे केली तरी तो उभाच राहिला.

“हा पत्रू कोन हाय?”

“खेळाडू हाय कोनी,” अनस म्हणाला. “ओळखत नाई आपन.”

“खराटा काढून टाक. काडेपेटीबी काढ.”

“धनराज,” मी म्हणालो, “ती तुमच्या वडिलांची साक्ष आहे. तिच्यातून एक वस्तू काढणे म्हणजे—”

“तुमचं कोर्ट नाई हे, काका.” त्याचा आवाज चढला नव्हता. “आमच्या घरी दरवर्षी पाला जाळतच होते. मीबी जाळला हाय लहानपनी. त्या वर्षी बाबा पहिल्यांदा फायर वॉचर झाले. दहा दिवस झाले होते. आगीवर ध्यान ठेवनारा मानूस आपल्याच झाडाखाली आग कशी लावनार? मी मोहर्लीले राहत होतो, मले वाटलं सापाकिड्यासाठी नेला असंन आईनं खराटा. आन ते काम त्याईले कोनी लावून दिलं? मी. गार्डसाहेबाच्या हातापाया पडून.”

खाली मुश्ताकभाई कोणा गिऱ्हाइकाला बॅटरी फुगल्याचे समजावून सांगत होते, ते ऐकू येत होते.

“बाबा रोज खेळतेत,” धनराज म्हणाला. “एका बोटानं. मी लॅपटॉप तिथीच ठेवला. ते अभिप्राय वाचत नाई, वाचता येत नाई त्याईले इतकं. पन गावातली पोट्टी वाचतेत. उद्या कोनी आलं आन म्हनलं, लटारूभाऊ, काडी काऊन नाई लावली? तुमी हातात काय होतं ते इचारलं काका, काऊन होतं ते नाई इचारलं. आता ते ‘काऊन’ तिथी ठेवू नका.”

मी वाद घातला. तो घालण्याची माझी सवय आहे. मी म्हणालो की वस्तू लपवल्याने घटना लपत नाही; की नियम चुकीचा नव्हता, पाला जाळतानाच दरवर्षी निम्मे वणवे लागतात; की तुमच्या वडिलांनी नियम पाळला यात दोष नाही. धनराजने सारे ऐकले आणि विचारले, “हे तुमी त्याईले सांगसान काय?” मी अनसला संगणक उघडायला सांगितले.

अनसने दहा मिनिटांत दोन्ही वस्तू काढल्या. मजकुरातली त्यांविषयीची दोन वाक्ये मी स्वतः खोडली. नव्या आवृत्तीच्या टिपणात आम्ही लिहिले, ‘किरकोळ सुधारणा’. एकतीस वर्षांत साक्षीतून काही गाळण्याचा माझा तो पहिला प्रसंग होता, आणि तो मला वाटला होता त्याहून सोपा गेला. दोन दिवसांनी पत्रूने पुन्हा लिहिले: “खराटा कुठी गेला? मी खरं बोललो म्हनून काढला काय?” त्याला मी उत्तर दिले नाही.

रुखमाबाईंचे तिसरे वर्षश्राद्ध मार्चच्या मध्यात होते. लटारूभाऊंनी आग्रहाने निरोप पाठवला की खेळ बनवणाऱ्यांनी जेवायला यावे. अनसला काही काम निघाले. मी आणि रूही गेलो. गाव मोहर्लीच्या अलीकडे आहे. त्याचे नाव खेळात बदलले होते, येथेही देत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना मोहाची झाडे पर्णहीन उभी होती आणि बहुतेक झाडांखाली काळी, गोल, जळालेली जमीन होती. ह्या रस्त्याने मी पूर्वी चारदा गेलो होतो. रूहीने खिडकीतून ती वर्तुळे पाहिली आणि म्हणाली, “आपल्या फोटोंमध्येही होती ही, काका. मला वाटलं सावली आहे.”

जेवण दुपारी झाले. नातेवाईक अंगणात मांडवाखाली बसले. धनराज वाढत होता. जेवण उरकल्यावर लटारूभाऊंनी आम्हाला आतल्या खोलीत नेले. खाकी शर्ट, वाळलेले अंग, पण डोळे पूर्वीसारखे विझलेले नव्हते. लॅपटॉप एका पाटावर ठेवला होता आणि त्यावर रुमाल झाकला होता.

“बसा. मले आता सगळं येते,” ते म्हणाले. “धनराज नसला तरी खेळतो. रूहीबाई, तुमी तो घराचा दरवाजा काय काढला, माय! त्याची कडीसुद्दा तशीच हाय.”

“तुम्हीच सांगितली होती कडी,” रूही म्हणाली.

“काल लेकानं नवीन काई टाकलं म्हने त्याच्यात. पाहू.”

धनराज दारात येऊन उभा राहिला. लटारूभाऊंनी एका बोटाने खेळ सुरू केला आणि पहिल्या पहाटेवर आणला. दार उघडले. आतून ती बाहेर आली, उंबऱ्यावर थांबली, टोपली काखेला लावली आणि मोहाच्या दिशेने चालू लागली. लटारूभाऊंचे बोट थांबले. त्यांनी खेळ मागे नेला. दार पुन्हा उघडले. ती पुन्हा बाहेर आली. त्यांनी तिसऱ्यांदा मागे नेला आणि या वेळी चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला.

“रूहीबाई, हिच्या हातात खराटा होता ना?”

रूहीने माझ्याकडे पाहिले.

“नवीन आलं त्याच्यात नाई तो, बाबा,” धनराज म्हणाला. “खेळ जड होत होता. म्हनून काढला.”

“खराट्यानं जड होते काय?”

लटारूभाऊंनी नायकाचा खिसा उघडून पाहिला. तेथे बिड्या होत्या. त्यांनी खिसा बंद केला, लॅपटॉपचे झाकण हळू खाली केले आणि त्यावर हात ठेवला. बाहेर कोणी बाई पत्रावळी गोळा करत होती.

“तुले कोनं सांगतलं?” त्यांनी मुलाकडे न पाहता विचारले.

“कोनी नाई.”

“मंग आपल्या मनानंच समजला.”

“मले काई समजलं नाई. तुमी उगाच—”

“नसतं समजलं त काढला नसता.”

ते अगदी साधेपणाने बोलले. मी तोंड उघडले, कारण माझ्यापाशी त्या मंगळवारचे सारे मुद्दे तयार होते. नियमाचे, वणव्याचे, निर्दोषतेचे. त्यांनी हात करून मला थांबवले.

“गुनवंतभाऊ, तुमी त्या दिवशी सगळं इचारलं. ती काय बोलली ते नाई इचारलं. आता इचारा.”

माझ्यापाशी वही नव्हती. मी विचारले, “आदल्या संध्याकाळी त्या काय म्हणाल्या?”

“वनवा अडवाले जंगलात जे पट्टे जाळतो, त्या जाळरेषेवरून मी घरी आलो. ती म्हने, सगळ्याईनं आपापल्या झाडाखाली लावून घेतलं. आपलंच एक राह्यलं. काडेपेटी द्या. मी म्हनलं, नाई. लोकं म्हनतीन, आग इझवनाऱ्याच्याच झाडाखाली आग. गार्डसाहेब दहाव्या दिवशी काढून टाकन मले. ती म्हने, कोन पाहाले येते? मी म्हनलं, नाई म्हनलं ना. मंग ती म्हने, पहाटी उठून झाडावं लागंन मले. मी म्हनलं, झाडजो मंग.” ते थांबले. “इतकंच.”

“काम मी लावलं होतं तुमाले,” धनराज म्हणाला.

“कामानं नाई म्हनलं नाई तिले. मी म्हनलं.”

धनराज वळला आणि अंगणातून, पाहुण्यांमधून, सरळ रस्त्यावर गेला. त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. लटारूभाऊंनी तो संपेपर्यंत ऐकला.

“खेळात ती काडेपेटी मांगतच नोहती,” ते म्हणाले. “सांज येते, ती चुलीपाशी बसते, काई बोलत नाई. मी इतके डाव पाह्यलं का मले वाटू लागलं, तिनं मांगितलीच नसंन. खरंच वाटू लागलं होतं, भाऊ.”

रूही रडत होती. मी विचारले की आता आम्ही काय करावे. खेळ विक्रीतून काढावा काय? त्यांनी मान हलवली. मग मी, अनसचा विचार मनात येऊन, विचारले की त्या संध्याकाळी खेळाडूला काडी लावू द्यावी काय. म्हणजे ज्याला सुचेल त्याला ती वाचवता येईल.

“नाई,” लटारूभाऊ म्हणाले. “तिले बोलू द्या. तिनं मांगावी काडेपेटी. आन खेळनारा काईबी करो, तो मानूस नाईच म्हनन. लोकाईले होय म्हनू देऊ नका. नाई मी म्हनलं हाय.”

एप्रिलमध्ये आम्ही ती आवृत्ती दिली. संध्याकाळचा संवाद लटारूभाऊंनी सांगितला तसा, त्यांच्याच बोलीत आहे. त्यात माझा एकही शब्द नाही. रुखमाबाई चुलीपाशी बसून काडेपेटी मागते, आणि खेळाडूने कोणतेही बटण दाबले तरी नायक नाही म्हणतो. बोलीची सर्वांनी तारीफ केली. बाकी अभिप्राय पूर्वीपेक्षा वाईट आले. “आता तर सरळ सरळ खेळाडूच्या हातून खून करवता,” असे एकाने लिहिले. “उत्तर समोर ठेवून हात बांधणे हा कसला खेळ?” असे दुसऱ्याने. शेरा ‘संमिश्र’वरून ‘बहुतांशी प्रतिकूल’ झाला. पत्रूने काही लिहिले नाही. एकाने विचारले आहे की नायकाचे ‘होय’ बटण बिघडलेले दिसते, ते कधी दुरुस्त होईल. उत्तरे देणे मी सोडले आहे.

धनराज मोहर्लीलाच राहतो. महिन्यातून एका मंगळवारी गावी येतो, तेल, तांदूळ, बिड्या ओसरीवर ठेवतो आणि आत न जाता परततो, असे अनसकडून कळते. लॅपटॉप त्याने परत मागितला नाही; तो लटारूभाऊंपाशीच आहे आणि त्यावर खाते अजून धनराजचेच आहे. अनसच्या संगणकावर मित्रांच्या यादीत धनराजचे नाव अजून दिसते, आणि त्या नावापुढे खेळ चालू असल्याचा हिरवा ठिपका. काल मी दुपारी माडीवर गेलो तेव्हा तो दिसत होता. संध्याकाळी दिवे लागताना निघालो, तेव्हाही तो होता.